रेडॉन मापन, शालेय इमारतींतील
शाळेच्या खोल्यांतील हवेत साठणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे प्रमाण ठरविण्याची क्रिया. खडक व माती यांतील युरेनियमाच्या क्षयमालिकेत रेडियमापासून हा वायू तयार होतो. त्यास रंग, वास वा चव नसल्याने मापनाखेरीज त्याचे अस्तित्व कळत नाही. फरशीतील भेगा व नळांभोवतीच्या फटी यांवाटे तो जमिनीतून खोलीत शिरतो. त्याचा अर्धायुकाल ३·८२ दिवस असून त्याच्या क्षयातून उत्पन्न होणारे पदार्थ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन तेथे आल्फा कण उत्सर्जित करतात.

इतिहास : सॅक्सनीतील श्नेबेर्ख येथील खाणकामगारांचा फुप्फुसविकार हा कर्करोग असल्याचे हार्टिंग व हेसे यांनी १८७९ मध्ये दाखविले. पुढे त्याचा संबंध रेडॉनाशी जोडला गेला. तथापि हा धोका दीर्घकाळ मुख्यतः खाणींचाच मानला जाई. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्याच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे धोक्याची सूचना मिळाली आणि त्याचे मूळ त्याच्या घरातील रेडॉनात सापडले. त्यानंतर घरांच्या मापनास वेग आला. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याने शाळांची पाहणीही आवश्यक ठरविली. १९९०-९१ मधील राष्ट्रीय पाहणीत सुमारे एकपंचमांश शाळांत निदान एका खोलीत तरी रेडॉनाचे प्रमाण दर घ. मी. हवेत १४८ बेकेरेल या कारवाईच्या पातळीहून अधिक असल्याचे अनुमान निघाले.

पद्धती : अल्पकालीन मापनासाठी रेडॉन शोषून घेणारी सक्रियित कोळशाची डबी काही दिवस ठेवतात, दीर्घकालीन मापनात आल्फा कणांनी प्लॅस्टिकच्या पट्टीवर उमटविलेल्या खुणा मोजतात. घराची पद्धती शाळेस जशीच्या तशी लागू पडत नाही. शाळेचा विस्तार मोठा असतो, पाया अनेक भागांचा असू शकतो आणि यांत्रिक वायुवीजनामुळे खोल्यांतील दाब भिन्न राहतो. परिणामी शेजारच्या दोन वर्गांतील प्रमाणांतही मोठा फरक पडतो. पंखे बंद असताना, रात्री वा सुटीत, घेतलेले माप मुले प्रत्यक्ष कोणती हवा घेतात हे सांगत नाही. म्हणूनच १९९३ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने जमिनीला लागून असलेली, नित्य वापरातील प्रत्येक खोली थंडीच्या दिवसांत, शाळा भरलेली व वायुवीजन चालू असताना मोजण्यास सांगितले. प्रमाण अधिक आढळल्यास मापन पुन्हा करतात.

उपाय : भेगा बुजविणे, फरशीखालील वायू नळीने बाहेर काढणे व वायुवीजन सुधारणे हे मुख्य उपाय होत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दर घ. मी. मध्ये १०० बेकेरेल ही संदर्भ-पातळी सुचविली. ती शक्य नसेल तेथे ३०० ही कमाल मर्यादा सांगितली.