दहा वर्षे अडलेली पदवी

मी बी.ए.वर थांबलेला कवी, तरी पीएच.डी.चा विषय निघाला की मला सातारा आठवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठाने १९१७मध्ये त्यांचा प्रबंध स्वीकारला. पण छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे. छपाईला पैसा कुठला? ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली निघाला, पदवी मिळाली १९२७मध्ये.

आज सातारा-सांगलीची मुलेमुली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आधी संशोधनाचा आराखडा मांडतात. प्रबंध बाहेरचे परीक्षक तपासतात, मग सर्वांसमोर मौखिक परीक्षा होते. पुस्तक छापण्याची सक्ती नाही. पण घरच्या ओढगस्तीने कुणाचा प्रबंध रखडलेला दिसला, तर श्रोतेहो, ती दहा वर्षे आठवा आणि हात द्या.