टेबलावर ठेवलं म्हणजे नक्की काय केलं?

आयटीतली पहिली दोन वर्षं मी अमेरिकन लोकांचं इंग्रजी शिकण्यात घालवली. 'बॉलपार्क' म्हणजे बेसबॉलचं मैदान, त्यावरून 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. 'टच बेस' पण बेसबॉलमधलंच. आयुष्यात एक मॅच पाहिली नाही, पण एस्टिमेट मात्र बॉलपार्क द्यायचो :) हे शब्द अनोळखी होते, म्हणून निदान कोणाला तरी विचारून घ्यायचो. घात केला तो ओळखीच्या शब्दाने. टेबल!

झालं असं, की एका वर्षी रिलीजची तारीख नेमकी गणेश चतुर्थीला आली. टीममधला एकजण कणकवलीचा, त्याच्या हातात कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट. (गणपतीत ही काय चीज असते ते कोकणातल्या माणसालाच विचारा.) मी कॉलवर म्हटलं, आठवडाभर पुढे ढकलूया का? तिकडून क्लाएंट म्हणाला, "लेट्स टेबल इट."

मी खूश. आपल्याकडे अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतात, म्हणजे सादर करतात, एवढं पेपर वाचून माहीत होतं. "तुझा विषय चर्चेला घेतलाय रे, तिकीट राहू दे," असं त्याला छातीठोकपणे सांगितलं आणि वाट बघत बसलो. तारीख काही हलली नाही. त्यांनी विषय बाजूला ठेवून दिला होता. शेवटी त्याने तिकीट रद्द केलं आणि आईला फोन करायला बाहेर गेला. फार वाईट वाटलं.

मग त्या शनिवारी हट्टाने वाचत बसलो. दोन्ही अर्थांचं मूळ एकच, ब्रिटिश पार्लमेंटमधलं खरंखुरं टेबल. कागद त्यावर ठेवला की तो सभागृहापुढे आला. पण ठेवलेला कागद तिथे पडूनही राहू शकतो ना! थॉमस जेफरसनच्या १८०१ सालच्या संसदीय मॅन्युअलमध्ये हा पडून राहण्याचा अर्थ आहे: आत्ता वेळ नाही, टेबलावर असू दे, पुढे सवडीने घेऊ. १८७६ मध्ये हेन्री रॉबर्टने सभेच्या नियमांचं जे प्रसिद्ध पुस्तक काढलं, त्यातही टेबलावर ठेवणे म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेवणे. (हा रॉबर्ट अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर. चर्चमधली एक सभा हाताबाहेर गेली म्हणून नियमांच्या मागे लागला. आपलाच माणूस!) अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तर त्याच्याही पुढची गत. तिथे ठराव 'टेबल' केला की तो मेलाच. ब्रिटिशांनी कागद 'ठेवणं' धरलं, अमेरिकनांनी तो 'पडून राहणं'. आपण घेतलं ते ब्रिटिशांकडून.

आणि यात फसलेला मी पहिला नाही. पर्ल हार्बरनंतर चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांना घेऊन वॉशिंग्टनला गेला होता. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, टेबल करूया. अमेरिकन म्हणाले, छे, एवढा महत्त्वाचा विषय, अजिबात टेबल करायचा नाही! बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं आणि मग कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. दुसऱ्या महायुद्धावरच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात (१९५०) चर्चिलने स्वतःच हे लिहून ठेवलंय.

सोमवारी डबा खाताना कणकवलीकराला हा किस्सा मोठ्या उत्साहाने सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांनी निदान भांडण तरी केलं," तो म्हणाला. "तू परत विचारलंसुद्धा नाहीस."