चुंबकाला न जुमानणारी तार

माझा नातू गिटार वाजवतो. लहानपणी क्लासला जायचा तेव्हापासून तीच, नायलॉनच्या तारांची, रुंद गळ्याची. त्याच्या आजोबांनी घेऊन दिलेली. आता तो नोकरीला लागलाय आणि शनिवार-रविवारी दोन मित्रांबरोबर जॅझ वाजवतो. एक मित्र ड्रम्सवर, दुसरा बासवर. दिवाळीत आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"आजी, मी वाजवतो ते मलाच ऐकू येत नाही गं."

"मग ती इलेक्ट्रिक घे की, सगळे वाजवतात तशी."

"तिच्या तारा स्टीलच्या असतात. मला हाच आवाज हवाय, फक्त मोठा."

फक्त मोठा! दुकानात त्याने तीन गिटारी पाहून ठेवल्या होत्या. तिघींच्याही तारा नायलॉनच्या, तिघींनाही अ‍ॅम्पची वायर लागते, आणि तिघींचे आवाज वेगळे. किंमत त्याच्या दोन पगारांच्या वर. म्हणून जुनी गिटार देऊन टाकून नवी घ्यायचा विचार होता. ते ऐकून मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, की थोडं थांब, मला जरा वाचू दे. आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे एखादी वस्तू अशी का आहे हे समजायचं तर ती आधी कशी होती ते बघावं, ही खोड काही जात नाही. दोन महिने वाचलं, त्याने लावून दिलेलं ऐकलं. त्यातलं थोडं इथे मांडते.

गिटारला विजेचा आवाज मिळाला तो १९३० च्या दशकात, अमेरिकेत. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि मागे बसून ठेका धरणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे येऊन बोलू लागली. बिचारा १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. त्याची युक्ती शाळेच्या प्रयोगशाळेतली आहे. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर स्टीलची तार. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. पण नायलॉनला चुंबकाचं काय सोयरसुतक? तार कितीही छेडा, वेटोळं गप्प.

आणि गंमत म्हणजे त्या वेळी नायलॉनची गिटारतार मुळी नव्हतीच! क्लासिकल गिटारला जनावरांच्या आतड्याची तात असे. दुसऱ्या महायुद्धात ती तात जखमा शिवायला लागू लागली आणि वादकांची पंचाईत झाली. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा बनवायला घेतल्या, थोर स्पॅनिश वादक सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बाजारात रुळल्या. म्हणजे विजेची गिटार थोरली आणि नायलॉनची तार धाकटी. हे वाचून मला जरा चक्रावल्यासारखं झालं. आपण उगाच नायलॉनच्या गिटारीला 'पारंपरिक' म्हणत असतो.

ही मऊ गिटार जॅझमध्ये आणणारा एक माणूस ब्राझीलचा, लॉरिंडो आल्मेडा. १९४७ मध्ये तो स्टॅन केंटनच्या भल्यामोठ्या, पितळी वाद्यांनी दणाणणाऱ्या बँडमध्ये आला. तिथे त्याची गिटार ऐकू यायची तर जवळ माइक हवा आणि बाकीच्यांनी दम धरायला हवा. पुढे त्याने सॅक्सोफोनवाल्या बड शँकबरोबर चौघांच्या छोट्या संचात रेकॉर्ड केल्या, तिथे तिला मोकळा श्वास मिळाला.

दुसरा चार्ली बर्ड. व्हर्जिनियाचा. सैन्यात असताना पॅरिसमध्ये जँगो राइनहार्टला भेटलेला, नंतर १९५४ मध्ये इटलीत सेगोव्हियाकडे शिकलेला. १९६१ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याच्या संचाला दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं, तिथून तो बोसा नोव्हाच्या चाली कानात घेऊन परतला. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या ऑल सोल्स चर्चच्या सभागृहात त्याने स्टॅन गेट्झबरोबर 'जॅझ सांबा' रेकॉर्ड केली. १९६३ मध्ये ती अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातल्या 'देसाफिनादो'साठी ग्रॅमी मात्र एकट्या गेट्झला मिळालं.

नातवाने मला ही रेकॉर्ड लावून दिली ती याच आवाजासाठी. "आजी, हा, हा आवाज हवाय." मी ऐकली, मग कोण काय वाजवतंय ते वाचलं. त्यात दोन ड्रमर आहेत. एक नव्हे, दोन! तरी गिटार स्वच्छ ऐकू येते. याचं कारण गिटारमध्ये कमी आणि खोलीत जास्त आहे. चांगलं सभागृह, जवळ ठेवलेला माइक, सांभाळून वाजवणारे सोबती. नातवाचा ड्रमर मात्र हॉटेलात वाजवतो. समोर लोक जेवत असतात, काटे-चमचे वाजत असतात.

मग तिथेही माइकच का नको, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. उत्तर स्नेहसंमेलनात अनेक वर्षं ऐकलेलं होतं. माइक आणि लाऊडस्पीकर एकमेकांसमोर आले की ती कुंईऽऽ अशी शिट्टी! पोकळ गिटारही त्याच दुखण्याची. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, तिथे घुमतो, पुन्हा माइकात जातो, आणि हे चक्र थांबत नाही. आवाज जितका मोठा, तितकी शिट्टी जवळ.

यावरचा उतारा सापडला तो क्युरी बंधूंच्या १८८० च्या शोधात. (होय, मादाम क्युरींचे यजमान पिएर आणि त्यांचे भाऊ जाक.) काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. म्हणजे चुंबक नकोच. गिटारच्या घोडीखाली असा स्फटिक ठेवला की तार कशाचीही असो, थरथर दाबाच्या रूपाने पोहोचते. १९६० च्या दशकात पियानो बनवणाऱ्या बाल्डविन कंपनीने असा पिकअप काढला. विली नेल्सन या गायकाची बाल्डविन गिटार १९६९ मध्ये फुटली, तेव्हा त्यातला पिकअप काढून एका मार्टिन गिटारीत बसवला. तिलाच त्याने नाव दिलं ट्रिगर. नेल्सन कंट्रीवाला खरा, पण जँगोचा भक्त. १९७८ ची त्याची 'स्टारडस्ट' जुन्या लोकप्रिय गाण्यांची आहे, त्यातली कितीतरी जॅझवाल्यांची नेहमीची. ट्रिगरच्या अंगाला वाजवून वाजवून आणखी एक भोक पडलं आहे.

स्फटिकाचा पिकअप घोडीवरची थरथर घेतो. त्याला लाकडाची ऊब आणि खोलीतली हवा नीट कळत नाही. म्हणून आवाज थोडा कोरडा, टोकदार येतो. आणि गिटार पोकळच असेल तर शिट्टीची भीती कमी होते, पण जात नाही. तेव्हा १९८२ च्या सुमारास चेट अ‍ॅटकिन्सच्या नावाने गिब्सन कंपनीने पोकळपणाच जवळजवळ काढून टाकला. वर पातळ लाकडी पान, खाली कप्पे कोरलेलं जाडजूड लाकूड. पुढे कॅनडातल्या गोदँ कंपनीने त्याच वाटेवरच्या गिटारी केल्या. आता ड्रम्सच्या शेजारी निर्धास्त बसता येतं, पण वायर काढली की गिटार कुजबुजते.

थोडक्यात दुकानातल्या त्या तीन गिटारी म्हणजे याच इतिहासाचे तीन थर. पहिली पूर्ण पोकळ, आत स्फटिक. दुसरी पोकळच, पण पातळ अंगाची. तिसरी कप्पे कोरलेली. गळ्याची रुंदी हा आणखी एक वाद. क्लासिकलचा गळा वरच्या टोकाला सुमारे ५२ मिलिमीटर, जॅझवाल्यांना तो अरुंद आवडतो, म्हणून ४८ च्या आसपासचेही मिळतात. माझ्या नातवाचा हात रुंदीला सरावलेला आहे, मी त्यात पडले नाही.

एक रस्ता मला फार आवडला होता. ऑरेगॉन नावाच्या अमेरिकी संचात राल्फ टाउनर क्लासिकल गिटार वाजवायचा आणि त्याच्या सोबत कॉलिन वॉलकॉट तबला! रविशंकर आणि अल्लारखां यांचा शिष्य. तो १९८४ मध्ये अपघातात गेला. तबला आणि नायलॉनची तार एकमेकांना दडपत नाहीत. मी नातवाला सुचवलं, ड्रमर बदल आणि तबलजी घे. तो हसला. "आजी, तो माझा मित्र आहे."

हे उत्तर ऐकल्यावर मी तिसरी घे म्हटलं. त्याला ऊब हवी होती आणि पहिलीत ती होती. पण घरात एकट्याने वाजवायला उबदार गिटार त्याच्याकडे आहेच की, आणि हॉटेलात ऊब ऐकायला कोणी बसलेलं नाही. मात्र मग जुनी द्यायची नाही, हे मी त्याच दमात सांगितलं. कमी पडतील ते पैसे माझ्या पेन्शनमधून. त्याने दोन दिवस विचार केला. आधी अ‍ॅम्पसकट तिन्ही वाजवून बघ, ड्रमरला बरोबर ने, हेही मी बजावलं होतं. तो ड्रमर दुकानातल्या ड्रम्सवर वाजवायला लागताच पहिली शिट्टी मारायला लागली. दुकानदारानेच घाईघाईने अ‍ॅम्प बंद केला.

गेल्या गुरुवारी तो नवी घेऊन दाखवायला आला. अ‍ॅम्प लावला, 'देसाफिनादो' सुरू केलं, आणि आमच्याकडची वीज गेली. गुरुवारच तो. थोडा वेळ तसाच वाजवत राहिला, मला सोफ्यावरून काही ऐकू येईना. मग उठला, आतल्या खोलीतून जुनी आणली, तारा सुरात लावल्या. बरेच दिवस हात लागला नव्हता, वेळ लागला.

"पुन्हा पहिल्यापासून वाजवू का गं?" त्याने विचारलं.