दुसरी प्रत कोणाच्या घरी?

डहाणू तालुक्यात चिंचणी हे समुद्रकाठचे गाव आहे. १९५५ साली तेथे काही जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्या काळी या मुलखावर राष्ट्रकूटांचा अंमल होता आणि संजाणचा कारभार मधुमति नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, अधिकारी पाहत असे. एका मठाला जमीन दिल्याची नोंद त्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आहे. पुढे राष्ट्रकूट गेले, त्यांची राजधानी मान्यखेट लुटली गेली, त्यांचे दफ्तरही गेले. पण जमीन घेणाऱ्याच्या हाती दिलेला पत्रा मात्र हजार वर्षांनी वाचता आला.

आता तुम्ही म्हणाल, आज विषय तर संगणकाचा, मग हे तांब्याचे पत्रे कशाला? त्याचे कारण असे की, संगणकवाले लोक ज्याला 'बॅकअप' म्हणतात, म्हणजे माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी जपून ठेवणे, त्याचा सारा इतिहास एका प्रश्नात सामावलेला आहे. प्रत कोणाच्या घरी आहे?

त्याच मुलखात हजार वर्षांनंतर काय दिसते ते पाहा. वारली शेतकऱ्याने लग्नापुरते कर्ज काढावे आणि जन्मभर सावकाराच्या घरी राबावे, अशी रीत होती. त्याला लग्नगडी म्हणत. किती घेतले, किती फेडले, हे सारे सावकाराच्या वहीत. अंगठा वारल्याचा, वही सावकाराची! वारल्याच्या झोपडीत त्या हिशेबाची प्रत नव्हतीच, मग तो वाद कशाच्या आधारावर घालणार? मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. तो लढा पोटाचा आणि माणुसकीचा होताच. पण एकाच माणसाच्या घरी असलेल्या वहीविरुद्धही तो होता, असे मला वाटते.

याची उलट बाजूही आपल्याच भागात दिसते. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन त्याच्या नावे व्हावी, असे त्यात ठरले. पण पुरावा हवा. मग पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. पूर्वी 'अतिक्रमण केले' म्हणून वनखात्याने दंड केला होता, त्याच्या पावत्या बाहेर निघाल्या. जी पावती त्या वेळी शिक्षा होती, तीच आता कसणुकीचा पुरावा ठरली. ज्याने ती वाळवीपासून आणि पागोळ्यांपासून जपली, त्याचे काम सोपे झाले.

'सरकारी दफ्तरात असेलच की,' असे आपण सहज म्हणतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयालाच आग लागली. पाच माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील कागदांचे ढीग जळाले. त्यानंतर फायलींच्या संगणकीय प्रती करण्याच्या कामाला जोर आला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्याला ही सोय केवढी मोठी आहे, हे सांगायला नको. पण तो साठा दुसऱ्याच्या घरचा आहे, हे विसरू नका. ऐन वेळी रेंज नसते, वीज नसते. म्हणून सातबारा उतरवून घ्यावा, छापून घ्यावा आणि फेरफारात नाव चुकले नाही ना, हे दरवर्षी पाहावे.

खासगी कंपन्यांच्या फुकट सेवांचे तर विचारूच नका. आपल्याकडच्या तरुणांत ऑर्कुट किती गाजले होते! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. ज्यांनी आपली छायाचित्रे वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांना पुढे त्यांवर पाणी सोडावे लागले. भाड्याच्या घरात ठेव ठेवावी, पण सगळी ठेवू नये.

आता लिनक्सकडे वळू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगाला मोकळा केला. कोणीही घ्यावा, सुधारावा, शेजाऱ्याला द्यावा. येथे नक्कल करणे ही चोरी नव्हे. ऑगस्ट २०११ मध्ये ज्या केंद्रात लिनक्सचा मूळ साठा ठेवलेला असे, तेथील संगणकांत कोणी परके शिरल्याचे उघडकीस आले. पण घबराट झाली नाही. त्या साठ्याच्या पूर्ण प्रती जगभर हजारो कामकऱ्यांच्या घरी होत्या. मूळ प्रतीत कोणी एक अक्षर बदलले असते, तरी ते पडताळ्यात सापडले असते. चिंचणीच्या पत्र्याचीच ही नवी तऱ्हा. केरळातील सरकारी शाळांत मुले याच प्रणालीवर शिकतात. तुमच्या शाळेत एखादा जुना संगणक धूळ खात असेल, तर लिनक्सच्या एखाद्या हलक्या प्रकाराने तो पुन्हा कामाला लागण्याचा पुष्कळ संभव आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, आणखी एक गोष्ट. नुसती प्रत असून भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. पूर्वी आपण मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकित करीत असू. तो फॉन्ट नसेल, तर आज त्याच फायलीत अगम्य खुणा दिसतात. दाखल्याची नोंद आहे, पण मुलाचे नाव वाचता येत नाही! म्हणून नवे लेखन युनिकोडमध्येच करावे, जुने बदलून घ्यावे, आणि कोणत्याही संगणकावर उघडेल अशा खुल्या स्वरूपात ते ठेवावे.

मग करावे काय? महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातलगाकडे किंवा ऑनलाइन. दुसरे गाव का? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा डहाणू-तलासरीतील किती कुटुंबांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या, ते तुम्हांला ठाऊक आहे. घरात शिरायचीच भीती, तिथे कपाटातली दुसरी प्रत काय कामाची? आणि वर्षातून एकदा, शाळा सुरू होण्याआधी म्हणा, प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले धान्य.

ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांच्यासाठी शाळेने एवढे जरूर करावे. आठवड्यातून एक दिवस गावकऱ्यांचे दाखले, पावत्या, वनहक्काचे कागद यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ज्याची त्याला परत द्यावीत. शाळेने आपल्याकडे साठा करून बसू नये. वही पुन्हा एकाच घरी जाता कामा नये.