रापणीची कुळकथा

पावसाळा सरून नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला, म्हणजे देवगड तालुक्यातील मिठबाव, तांबळडेग यांसारख्या पुळणींवर ज्या रापणीचे, म्हणजे काठावरून ओढायच्या सामायिक जाळ्याचे, वेध लागतात, तिचे मूळ भांडवलाच्या विवंचनेत आहे. शेकडो वाव लांबीचे जाळे, त्याचे दोर आणि होडी हा सारा सरंजाम एका कुटुंबाच्या ऐपतीपलीकडचा. म्हणून गाबीत मच्छीमारांच्या वस्तीतील अनेक घरांनी आपापल्या पदरची जाळी जोडून रापणसंघ उभारले, आणि जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा, अशी वहिवाट दस्तऐवजावाचून रूढ झाली.

दोराचे एक टोक काठावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते, अर्धवर्तुळाकार जाळे सोडीत दुसरे टोक दूर किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडच्या रांगा पावलापावलाने मागे हटत, एकमेकींजवळ सरकत ते ओढू लागतात, आणि वाळूवर तारली, पेडवे, बांगडे फडफडू लागले की ओढायला हात लावणाऱ्या परक्यालाही चार मासळ्या मिळतात. काठाशी बांधलेल्या या जाळ्याला काठाजवळ आलेली मासळीच मिळे. खोल पाण्यातला साठा आपोआप अबाधित राही.

समुद्रातील मासळीसारख्या सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडला. त्याला एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या ग्रंथात, उपभोक्त्यांनीच घालून घेतलेल्या नियमांवर टिकलेल्या सामायिक संपत्तीचे दाखले देऊन उत्तर दिले, आणि 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. रापणीची वहिवाट याच जातकुळीतली.

पुढे यांत्रिक ट्रॉलर आणि अख्खा थवा वेढून घेणारी पर्ससीन जाळी आली, तेव्हा मासळीचे थवे काठाशी पोहोचण्याआधीच उचलले जाऊ लागले. गोव्यातील रापणकरांनी 1970 च्या दशकात याविरुद्ध आंदोलन केले. महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला, आणि पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 2016 साली पर्ससीनवर निर्बंध आले. परंतु सरकारदरबारी आखलेली मर्यादा समुद्रात दिसत नाही, आणि गस्ती नौकेची पाठ वळताच ती ओलांडण्याचा मोह प्रबळ ठरतो.

ज्याचे पोट त्या पाण्यावर आहे, तोच त्या पाण्याचा जागरूक राखणदार असतो. म्हणून सागरी कायद्याच्या अंमलात रापणसंघांना हक्काचे स्थान देणे, ही केवळ परंपरेची बूज नव्हे. कोकणच्या मासळीचा जमाखर्च पिढ्यान् पिढ्या जुळता ठेवण्याची ती सर्वांत व्यवहार्य तजवीज आहे.