वरसईची वही आणि आपल्या घरची गाठोडी

युद्ध पाहिलेल्या पूर्वजाची वही घरात सापडली की पहिला विचार येतो तो ती ‘नीटनेटकी’ करून छापण्याचा. भाषा जुनी, मजकूर अडखळता. मग वंशज स्वतःच लेखणी उचलतात. यातला धोका विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची हकीकत पाहिली की लक्षात येतो.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट 1857 साली काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेत बंडाने गाठले. 1858 मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पाडावानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. अखेर कमाई गमावून, पण गंगाजल घेऊन ते घरी परतले.

हे त्यांनी लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, मोडीत. म्हणजे ही रोजनिशी नव्हे, आठवण आहे. रोजनिशीत त्या दिवसाची तारीख असते. आठवणीत मनाने निवडलेले उरते. घरची वही कोणत्या जातीची, हे आधी ठरवावे. दोन्हींचे मोल मोठे, पण प्रश्न वेगळे विचारायचे.

इंग्रजी सत्तेच्या भीतीने छपाई लेखकाच्या हयातीनंतर, 1907 मध्ये झाली. वैद्यांनी भाषेत फेरफार केले, काही मजकूर गाळला. तरी त्यांच्या हातून एक मोठे काम झाले: मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट होऊ दिले नाही. 1922 मध्ये ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ पाठ छापला. एकोणसाठ वर्षे वाचकांपुढे असलेला मजकूर तेव्हा पडताळता आला. मूळ राहिले नसते तर वैद्यांचाच पाठ अखेरचा ठरला असता.

दारव्ह्यासारख्या वऱ्हाडातल्या गावी जुन्या वाड्यांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेली गाठोडी अजून असतात. ती सोडताना पानांचा क्रम मोडू नये. सेलोटेप लावू नये, प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नये. कोरे पानही मोबाइलने टिपावे. मोडीचे बाळबोध करताना ओळीला ओळ ठेवावी; न लागलेला शब्द चौकटी कंसात टाकावा, अंदाजाने भरू नये. स्पष्टीकरण तळटीपेत द्यावे.

घरातले कुणी म्हणेल, ‘आजोबांनी हे लिहायला नको होते.’ अशा वेळी प्रकाशन थांबवता येते. गोडसे यांचेही थांबलेच होते. पान मात्र फाडू नये. थांबलेले पुढच्या पिढीला छापता येते, फाडलेले कुणालाच वाचता येत नाही.