सिंगापूरमधील ज्येष्ठ नागरिकविषयक गृहनिर्माण धोरण

सिंगापूरमधील ज्येष्ठ नागरिकविषयक गृहनिर्माण धोरण म्हणजे वार्धक्यातही रहिवाशांना स्वतःच्या घरात व परिचित परिसरात राहता यावे, यासाठी तेथील शासनाने आखलेल्या योजनांचा समूह होय. या योजना प्रामुख्याने गृहनिर्माण व विकास मंडळामार्फत राबविल्या जातात.

पार्श्वभूमी

हे मंडळ १९६० साली स्थापन झाले. देशातील सुमारे ८० टक्के रहिवासी मंडळाच्या सदनिकांत राहतात. या सदनिका ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकल्या जातात व मुदत संपल्यावर शासनाकडे परत जातात. घराची किंमत भविष्य निर्वाह निधीतून फेडता येते. त्यामुळे अनेक वृद्धांची बचत घरातच गुंतलेली असते आणि हाती रोख उत्पन्न अल्प राहते.

इमारतींतील सुधारणा

जुन्या अनेक इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. ती प्रत्येक मजल्यावर थांबावी, यासाठी २००१ मध्ये सुधारणा कार्यक्रम सुरू झाला. २०१२ पासून स्नानगृहात आधाराचे दांडे बसविणे, फरशीचा निसरडेपणा कमी करणे व उंबऱ्यापाशी उतार करणे यांसाठी अनुदान मिळते.

घरातून उत्पन्न

२००९ च्या भाडेपट्टा पुनर्खरेदी योजनेत ज्येष्ठ नागरिक त्याच घरात राहून भाडेपट्ट्याची अखेरची काही वर्षे मंडळास विकतात. ही रक्कम मुख्यतः निवृत्ती खात्यात जमा होते व तीतून दरमहा उत्पन्न मिळते. २०१५ पासून ५५ वर्षांवरील व्यक्तींना दोन खोल्यांची सदनिका १५ ते ४५ वर्षांच्या अल्प मुदतीने घेता येते. मात्र घेणारा व त्याचा जोडीदार किमान ९५ वर्षांचे होईपर्यंत ती मुदत पुरणे आवश्यक असते.

सहवास व शुश्रूषा

आईवडील व विवाहित मुलांनी एकत्र किंवा जवळपास राहावे, म्हणून २०१५ पासून जुनी सदनिका खरेदी करताना अनुदान दिले जाते. कांपुंग ॲडमिरल्टी या संकुलात ज्येष्ठांच्या सदनिका, वैद्यकीय केंद्र, खाद्यगृहे व पाळणाघर एकाच ठिकाणी आहेत. २०२१ मध्ये बुकित बातोक येथे घरासोबत शुश्रूषासेवा घेणे बंधनकारक असलेल्या सदनिका प्रथमच विक्रीस आल्या.

मर्यादा

अल्प मुदतीची सदनिका खुल्या बाजारात विकता येत नाही. ती मंडळासच परत करावी लागते. पुनर्खरेदी योजनेत वृद्धाला उत्पन्न मिळते, पण वारसांसाठी उरणारा घराचा वाटा घटतो. घर हे वार्धक्याचा आधार मानावे की पुढील पिढीचा ठेवा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो.